दहाव्याची ताजी खबर

हट्ट्याजवळच्या आमच्या गावात कोणी वारलं, की मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यातून एक बाई सांगते. बाई खरी न्हाई, कम्प्युटरची. देवळातला नरसिंग मजकूर टाइप करतो, ती वाचून दाखवते. ती बनवली गावच्याच विश्वंभरनं, अन् जगात कुणालाबी फुकट वापरायला देऊन टाकली. पाणी सुटलं की ती लगबगीनं सांगायची. मयताची खबर मात्र हळू, दम घेत.

असल्या फुकट सॉफ्टवेअरच्या एका मोठ्या प्रकल्पात विश्वंभरची बाईबी होती. तिथं प्रत्येक पॅकेजला, म्हणजे एकेका प्रोग्रामला, एक सांभाळणारा असतो. दुसऱ्यानं त्याला हात लावायची रीत ठरलेली: आधी सांगायचं, काही दिवस वाट बघायची, अन् मोडलंय तेवढंच नीट करायचं.

हिंगोलीची कोमल त्याच प्रकल्पात काम करायची. विश्वंभरशी तिची ओळख नुसती मेलवरची. नवी सिस्टीम आली तशी त्याची बाई लांबलचक नावं आली की मधीच गप होऊ लागली. दुरुस्ती झाली न्हाई तर पॅकेज यादीतून जाणार होतं. कोमलनं विश्वंभरला मेल टाकला अन् वाट बघितली. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत.

बिघाड एका ओळीचा होता. तो तिनं काढला. पण आत शिरलोच आहोत तर, म्हणून आवाजही ऐकला. तो तिला फार उदास वाटला. तिनं वेग वाढवला, सुरुवातीला घंटी घातली, नमस्कार घातला, 'ऐका ताजी खबर' घातलं, शेवटी शुभेच्छा घातल्या. अन् दिली नवी आवृत्ती सगळ्यांसाठी सोडून. देवळातल्या कम्प्युटरवर ती आपोआप येऊन बसली.

विश्वंभर मेल कुठून बघणार? त्याची माय जनकाबाई गेली होती. सुतकात लॅपटॉप बंदच होता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी नरसिंगनं मजकूर टाकला. भोंगा बोलला:

"टिंगटिंग! नमस्कार मंडळी! ऐका ताजी खबर! जनकाबाईंचा दहावा उद्या सकाळी नदीवर आहे. आपला दिवस आनंदात जावो!"

विश्वंभरचा चुलता ग्यानोबा पारावरून ओरडला, "नरस्या, कुणाचा दिवस आनंदात जावो रे?"

"मी न्हाई काका, बाई बोलली!"

"मग बंद कर तिला!"

नरसिंगनं घाईत बटन दाबलं. ते पुन्हा ऐकवायचं निघालं.

त्या संध्याकाळी विश्वंभरनं लॅपटॉप उघडला, बदल कुणाचा ते बघितलं अन् कोमलला लिहिलं: 'माय गेलीय. पॅकेज आता तुमीच घ्या. मी सोडतो.'

दुसऱ्या दिवशी दुपारी कोमल एस.टी.नं गावात आली. विश्वंभर डोकं भादरून ओसरीवर बसला होता, शेजारी ग्यानोबा. तिनं नाव सांगितलं. विश्वंभरची बायको आशाबाई पाणी घेऊन आली अन् थांबली.

"ह्याच का त्या, दिवस आनंदात जावोवाल्या?"

कोमलनं मान खाली घातली. "चुकलं माझं, दादा. पण पॅकेज सोडू नका."

"काहून? काम तर तुमीच केलं. मी उत्तरबी दिलं न्हाई."

"तुमी उत्तर दिलं न्हाई, म्हणून मी हो धरलं. तेच चुकलं."

विश्वंभर म्हणाला, "भोंगा लागला की माय सगळ्यांना गप करायची. कोण गेलं ते नीट ऐकायची. मला म्हणायची, माझ्या टायमाला बी अशीच सावकाश सांगू दे तिला."

आशाबाईनं तांब्या कोमलपुढं ठेवला अन् डोळ्याला पदर लावून आत गेली.

ग्यानोबा खाकरला. "माझंबी वय झालंय, पोरी. ती घंटी आजच काढतीस का?"

"मी न्हाई काढत, काका. दादा सांगतील तरच."

विश्वंभरनं तिच्याकडं बघितलं. मग आतून लॅपटॉप आणला. एकेक बदल वाचत गेला, पुसत गेला. कोमल हात मांडीवर ठेवून बसली, एकदाबी मधी बोलली न्हाई. शेवटी एकच ओळ उरली.

"ही बराबर हाय. ही तुमच्या नावानं ठेवतो."

"अन् पॅकेज?"

"राहू द्या माझ्याकडंच. काही वाटलं तर तेरवीनंतर मेल करा, उत्तर देतो."

"तवर दुसरं काही मोडलं तर?"

"तर तवर मोडलेलं राहू द्या, ताई."