खालची कवळी

"तोंड मिटा. दात दिसतायत," खिडकीतली बाई म्हणाली.

कवळीवालीने पटकन ओठ मिटले. मग तिच्या ध्यानात आलं, बाई फोटोकडे बघून बोलतेय. काचेखालून सरकवलेल्या दोन्ही फोटोंत ती अशी तोंडभर हसत होती, की पासपोर्ट काढायला नव्हे, लॉटरीचं बक्षीस घ्यायला आली असावी.

"पासपोर्टच्या फोटोत हसलेलं चालत नाही. तोंड बंद, चेहरा साधा."

"अहो, नवीनच नागरिक झालेय. मागच्या महिन्यात शपथ घेतली. आपसूक आलं हसू."

"अभिनंदन. पण हसू परत घ्या," बाई म्हणाली आणि स्वतःच हसली. "तिकडे कोपऱ्यात फोटोचं यंत्र आहे. काढून आणा. पुन्हा रांगेत नका उभ्या राहू, सरळ माझ्याकडे या."

बाई बरी होती. सरकारी खिडकीत बरं माणूस भेटलं की कवळीवालीला उलट धाकधूक व्हायची. इतक्या वर्षांत तिला वाईट बातम्या नेहमी गोड बोलणाऱ्यांनीच दिल्या होत्या.

आता कवळीवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणाऱ्या एका लॅबमध्ये ती कामाला होती. तिथला पॉलिशवाला पहिल्याच महिन्यात तिला या नावाने हाका मारू लागला आणि ते चिकटलं ते चिकटलंच. लग्न इथेच झालं, इथेच मोडलं, नवऱ्याचं आडनाव आलं तसं गेलंही. हे नाव मात्र टिकलं.

यंत्राच्या स्टुलावर बसून तिने तोंड बंद केलं. उजेड चमकला. फोटो खाली पडला, तो तिने उचलून पाहिला. ओठ आत ओढलेले, हनुवटी पुढे आलेली. आईच बसली होती स्टुलावर.

आईच्या तोंडात एकही दात नव्हता. सहा वर्षांपूर्वी हिरड्या सुजायला लागल्या, आणि तिकडच्या, मायदेशातल्या डॉक्टरांनी एकेक करत सगळे काढून टाकले. कवळीचं माप घ्यायची तयारीही दाखवली. तेव्हा कवळीवालीच फोनवर उसळली होती. "मुळीच नाही! जगाच्या आयांना मी दात करून देतेय, आणि माझी आई परक्याच्या हातची कवळी लावणार? थांब तू. मी येतेय, मी करीन." आईला आभाळ ठेंगणं झालं. शेजारीपाजारी, दूधवाला, औषधांचा दुकानदार, सगळ्यांना सांगून झालं, की माझी लेक स्वतः येऊन करणार आहे. आणि तेव्हापासून ती दुधात भिजवलेल्या पावावर नि कुस्करलेल्या बटाट्यावर दिवस काढत होती.

येते म्हणायला काय जातं? आधी इथे राहायचा परवाना पक्का व्हायचा होता. तो झाला तर नागरिकत्वाचा अर्ज, आणि त्या काळात फार दिवस देशाबाहेर राहायचं नाही असा नियम. पंधरा दिवस जाऊन आलं तर चालतं, असं अर्धे लोक सांगायचे. उरलेले म्हणायचे, कशाला विषाची परीक्षा? कवळीवाली जात्याच भित्री. तिने ती परीक्षा कधी पाहिलीच नाही. आई काही कुठे जात नव्हती, आणि फोन तर रोजचा होता.

काय तो फोन! आई एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. समोरच्या घराला कुठला भिकार रंग दिलाय, डॉक्टरच्या कंपाउंडरचं कुणाशी जुळलंय, मांजराला काय झालंय. दात नसल्यामुळे निम्मी अक्षरं हवेत विरायची, तरी ऐकणाऱ्याला सगळं कळायचं. "खायचे हाल होतात ना गं?" असं विचारलं की म्हणायची, "मला काय धाड भरलीय? हिरड्यांनी खिळा वाकवीन मी. तू तुझं सावकाश आवर."

सगळ्यात जास्त सल होता तो मात्र मागच्या उन्हाळ्याचा. नागरिकत्वाची मुलाखत पार पडली होती, शपथेची तारीख यायची होती. धाकट्या भावाने फोन केला.

"ताई, आता ये की. परवाना आहे, जुना पासपोर्ट आहे. पंधरा दिवस ये आणि जा."

"अरे, शपथेचं पत्र कधीही येईल. चुकलं म्हणजे? इतकी वर्षं थांबले, आता थोडक्यासाठी घोळ नको. नवा पासपोर्ट काढते आणि ऐटीत येते."

"ऐट कुणाला दाखवायचीय? आईचा जबडा बघ जरा व्हिडिओवर."

तिने बघितला होता. बघून न बघितल्यासारखं केलं होतं. शपथेच्या दिवशी दारातच त्यांनी जुनं परवान्याचं कार्ड मागितलं, ते तिने खुशीखुशीत देऊन टाकलं. जुन्या देशाला दोन नागरिकत्वं चालत नाहीत, म्हणून तो पासपोर्टही बाद झाला. टाळ्या वाजल्या, झेंडे हलले. संध्याकाळी तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की आता नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत आपल्याला कुठेही जाता येणार नाही. "म्हणजे नागरिक झालीस आणि अडकून बसलीस म्हण की," पॉलिशवाला म्हणाला. ती हसली नाही.

नवे फोटो घेऊन ती खिडकीशी परतली.

"हे चालतील," बाई म्हणाली. "आता प्रमाणपत्र द्या. नागरिकत्वाचं. मूळ प्रत."

"तेही ठेवून घेणार?"

"परत येतं हो, वेगळ्या टपालाने. घाबरू नका."

"आणि पासपोर्ट?"

"सध्या गर्दी आहे. दोन-अडीच महिने धरा."

"तातडीचं काही होत नाही का?"

"होतं ना. जवळच्या नात्यातलं कुणी गेलं असेल, नाहीतर अत्यवस्थ असेल. डॉक्टरचं पत्र लागतं. आहे का तसं काही?"

"आई आहे."

"बरं नाही त्यांना?"

खोटं बोलायला ती क्षणभर तयार झाली होती. भावाने कुठल्यातरी डॉक्टरकडून दोन ओळी सहज आणल्या असत्या. पण आईच्या जिवावर खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"बरी आहे. बोलते भरपूर. दात नाहीत तिला."

बाईचा पेन थांबला. "दात?"

"मी कवळ्या करते. तिची मीच करणार आहे. दात गेले ना, की हिरडीखालचं हाड झिजत जातं. वरची कवळी टाळ्याला धरून राहते, पण खालचीला बसायला थोडा तरी उंचवटा लागतो. तो संपला की कवळी तोंडात नुसती नाचते. मग कुणी का करेना." ती थांबली. "सहा वर्षं झाली. मी येते येते म्हणतेय."

मागच्या रांगेत कुणीतरी मुद्दाम खोकलं. बाईने तिकडे लक्ष दिलं नाही.

"दात त्यात बसत नाहीत हो," ती हळूच म्हणाली. "मी अर्जावर एक खूण करून ठेवते. पण खरं सांगू का, माझ्या खुणेला कुणी विचारत नाही."

कवळीवाली बाहेर पडली, तेव्हा आपण कोण आहोत हे सांगणारा कागद तिच्यापाशी उरला नव्हता, बसचा पास तेवढा होता. बस येईपर्यंत ती थांब्यावर आपल्याच जबड्यावरून बोट फिरवत उभी राहिली.

ते दोन महिने तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची खालची कवळी लॅबमध्ये सारखी परत यायची. बसत नाही, बोलताना उडते, जेवताना टोचते. पॉलिशवाल्याने एकदा ती तिच्या टेबलावर ठेवली.

"आली बघ माहेरपणाला."

तिने जबड्याचा प्लास्टरचा साचा हातात घेतला. हिरडीच्या जागी नुसती सपाट ताटली. ती तिच्यावर अंगठा फिरवत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"चुकलं रे माझं. त्या डॉक्टरलाच करू द्यायला हवी होती. वाईट केली असती, बेढब केली असती, पण सहा वर्षं तिने चावून खाल्लं असतं. मला माझ्या हाताची मिजास."

"तुझ्या हाताला यश आहे," पॉलिशवाला म्हणाला आणि मशीन चालू करून पाठमोरा बसला.

पासपोर्ट आला, तेव्हा मालकाने पेढीवर बसल्याबसल्या टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी तो हाताळून पाहिला. फोटोत तू आजारी दिसतेस, असं पॉलिशवाला म्हणाला. तिने त्याच दिवशी तिकीट काढलं. बॅगेत कपडे थोडे आणि माप घ्यायचे साचे, पावडर, मेण, दातांचे संच जास्त. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं, तर ही म्हणाली, "आईचे दात." त्याला वाटलं बाई थट्टा करतेय. त्याने शिक्का मारला.

आई दारातच उभी होती. केवढीशी झाली होती! रडणं, कुरवाळणं, भावाने बॅगा आत नेणं, सगळं एकदम चाललं होतं, आणि त्या सगळ्यावर आईची बडबड. "वाळलीस गं. विमानात खायला देतात की नाही? समोरची आली होती विचारायला, म्हटलं आज येतेय, आज येतेय." रात्री डोळे मिटेपर्यंत ती बोलतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवळीवालीने तिला स्वयंपाकघरात खिडकीशी खुर्चीवर बसवलं.

"आ कर."

आईने लहान मुलासारखा आ केला. कवळीवालीने बोट आत घातलं, वरच्या हिरडीवरून फिरवलं, मग खाली. खाली बोटाला काहीच लागलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, मऊ. तिने पुन्हा फिरवलं, उगाच.

"जमेल ना गं?" बोट बाहेर येताच आईने विचारलं.

"न जमायला काय झालं? जमेल की."

ज्या लॅबमध्ये ती पोरवयात हे काम शिकली होती, तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाने तिला एक टेबल मोकळं करून दिलं. रोज सकाळी जायची, दिवेलागणीला परतायची. हातातलं होतं नव्हतं ते सगळं तिने त्या कवळीत ओतलं. उस्तादाने साचा पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या जागेवर जाऊन बसला.

वरची सुरेख बसली. खालची ओठ मिटलेले असेपर्यंत बसली.

आईने आरसा घेतला आणि किती तरी वेळ खाली ठेवला नाही. तिचा चेहरा भरून आला होता, दहा वर्षांनी तरणी दिसत होती. पदराने डोळे टिपले, लेकीच्या दोन्ही हातांचे मुके घेतले आणि तडक समोरच्या घरी दाखवायला गेली. पाचच मिनिटांत परत आली. कवळीवालीला नवल वाटलं, कारण समोर गेलेली आई तासाभराच्या आत कधी परतली नव्हती.

त्यानंतर आई बोलेनाशी झाली. विचारलं की मान हलवायची, हाताने खुणा करायची, ओठ मिटून गोड हसायची. "आज आमची आकाशवाणी बंद कशी?" भाऊ म्हणाला, तर त्याला तिने हातानेच गप्प बसवलं. कवळीवालीला पहिल्याच संध्याकाळी उमगलं. जीभ हलली की खालची उठत होती. बोललं तर लेकीला कळेल म्हणून आई बोलतच नव्हती. आणि ही, जिने सहा वर्षं या समोरासमोरच्या गप्पांची वाट पाहिली होती, ती एकटीच बोलत सुटली होती, लॅबचं, पॉलिशवाल्याचं, खिडकीतल्या बाईचं. आई डोळे मोठे करून ऐकायची.

निघायच्या आदल्या दिवशी दोघीच जेवायला बसल्या होत्या. कवळीवालीला राहवलं नाही.

"आई, टोचते का गं? काढ हवं तर. बोल माझ्याशी थोडं."

आईने जोरजोरात मान हलवली. छे, छे! मग तिला दिसावं म्हणून पावाचा कडक कडेचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि चावू लागली. एकदा, दोनदा. तिचा गाल एका बाजूला फुगला, डोळ्यांत पाणी तरळलं. पण नजर लेकीवरच होती, आणि हसतही होती.

"छान बसलीय," कवळीवाली म्हणाली. "पाणी आणते हं तुला."

ती मोरीकडे गेली आणि नळ सोडला. तांब्या भरला, वाहू लागला. पाठीमागे काहीतरी ताटलीवर हलकेच वाजलं. तिने वळून पाहिलं नाही. तांब्या ओतून दिला, विसळला आणि पुन्हा नळाखाली धरला.