सुलामावशींचं सूप

"पुन्हा तेच सूप, पुन्हा तेच खडे," निवेदिता सत्यशीलाच्या कानाशी पुटपुटली. "मावशी उठल्या की आमी परत निवडायचं. कंबर गेली ताई माझी."

"हळू बोल गं."

चार हातांवर सुलामावशी सूप डोळ्यांशी धरून तूरडाळ निवडत बसल्या होत्या.

वालूरच्या या बचत गटाचं काम मावशींच्या पडवीत चाले. पडवी त्यांची, चूल त्यांची, दुपारचा चहाही त्यांचाच. म्हणून मागच्या खेपेला डाळ उशिरा गेली, तेव्हा सगळ्यांनी दोष दिला ढगाळ हवेला, गेलेल्या लाइटीला, आठवडी बाजाराला. परभणीच्या वसतिगृहानं मात्र बजावलं होतं, शनिवारी डाळ आली नाही तर दुसरा गट बघू. शब्द अध्यक्ष म्हणून सत्यशीलानं दिला होता.

दर वेळी ती विचारी, "जमंल ना?" अन् सगळ्या एका सुरात म्हणत, "होऊन जाईल!" त्या 'होऊन जाईल'नंच मागच्या खेपेला दगा दिला होता. या वेळी तिनं प्रश्नच बदलला.

"जमंल का ते ऱ्हाऊ द्या. अडायलंय कुठं, ते सांगा."

सगळ्या आपापल्या पायाचे अंगठे बघू लागल्या. उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. उत्तर सूप घेऊन समोरच बसलं होतं.

मग सत्यशीलानं कामंच फिरवली. "मावशी, पोत्यांची तोंडं तुमी शिवा. आमच्या टाक्यातून डाळ गळायली."

मावशींनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ तोंड करून ठेवलं. मग दाभण मागितलं. बोटांनी चाचपत त्यांनी असे टाके घातले, की पोतं उलटं धरलं तरी दाणा सांडू नये. इकडं एकदा निवडलेली डाळ निवडलेलीच राहू लागली. इतके दिवस वेळ खडे काढण्यात गेलाच नव्हता, मावशींचं मन राखण्यात गेला होता.

शुक्रवारीच टेम्पो भरला. निवेदितानं त्याला कुंकू लावलं अन् चक्क शिट्टी मारली, सासू दारात उभी असताना. संध्याकाळी वसतिगृहातून फोन आला, "डाळ लय झकास हाय. आता दर महिन्याला पाठवा!" पडवीत एकच गलका उडाला.

मावशींनी चाचपून चहाचा कप उचलला.

"झालं का नाचून? आता एकीनं तरी बोला की."

गलका थांबला. निवेदिता रिकामी सुपं रचू लागली.

"मग मीच बोलते. मला खडा दिसत न्हाई. वरीस झालं. तुमी बी लाजल्या, मी बी लाजले, अन् ढगाळ हवा उगंच बदनाम झाली."