व्हॉइस कार्डातली गोपिकाताई

मले एकटीले पाठवलं! हेमराजभाऊनं! कोराडीहून सीताबर्डीले येणाऱ्या बसमध्ये त्यांचा फोन आला अन् मी अशी ओरडली की बाजूच्या बाईनं आपली पिशवी छातीशी धरली.

हेमराजभाऊ म्हणजे माझे मालक. ऑफिसात टेलिफोनचे एक्स्चेंज बसवून देतात, सीताबर्डीले दुकान आहे. मी त्यांच्याकडे लागली तेव्हापासून माझं काम काय, तं शिडी धर, वायर धर, पेचकस दे. अन् तेही काम नसलं की काउंटरवर बसून फोन विक. त्या दिवशी त्यांचा पाय मुरगळला.

"धनश्री, लकडगंजचं काम आजच करायचं आहे. तू जा," ते म्हणाले. "बिघडवून आली तं मंग काउंटरच पक्का, सांगून ठेवतो."

"बिघडवते काय मी? कवा बिघडवलं?"

"म्हणून तं पाठवून राहिलो ना वं."

नाश्ता काय, पाणी प्यायलेही थांबली नाही मी. दुकानातून एक्स्चेंजच्या कार्डांचा डबा घेतला, पोटाशी धरला अन् सरळ लकडगंज गाठलं.

मनोहररावांचं सागवान अन् प्लायवूडचं ठोक दुकान. खाली गोदाम, मागं आरा मशीन, वर ऑफिस. जिना चढता चढता नाकात भुसा गेला. मनोहररावांनी मले पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं.

"माणूस कुठी आहे?"

"मीच आहे."

"पोट्टी पाठवली काय हेमराजनं?"

माझं डोकं असं तापलं ना! पण पहिलंच काम, म्हणून दात आवळून हसली. "एक्स्चेंजची पेटी कुठी आहे ते दाखवा साहेब, चहा नंतर घेईन," मी म्हटलं. चहाचं त्यांनी विचारलंच नव्हतं.

पेटी गोपिकाताईच्या टेबलामागं भिंतीवर होती. गोपिकाताई म्हणजे तिथली ऑपरेटर. बाहेरचा प्रत्येक फोन आधी तिच्याकडे, मग ती ज्याचा त्याले जोडून दे. पन्नाशीची, गोलिबार चौकाकडची, विणकरांच्या घरची. नवऱ्याचा माग कधीचाच बंद पडलेला, घर हिच्याच पगारावर अन् पोरगी पिंकी कॉलेजात. हे सगळं तिनं मी पेटीचं झाकण काढेपर्यंतच सांगून टाकलं.

काम दोन कार्डांचं होतं. एक, नवीन शोरूमच्या फोनांसाठी एक्स्टेंशन कार्ड. दुसरं व्हॉइस कार्ड. हे कार्ड असलं की यंत्रच फोन उचलते, नमस्कार म्हणते अन् कोणाशी बोलायचं त्याचं बटण दाबायले सांगते. ह्या दुसऱ्या कार्डासाठी मी रात्रभर झोपली नसती, पण मलेच पाठवतीन हे रात्री माहीतच कुठी होतं!

मी पेटीची वीज बंद केली, मनगटाले पट्टा बांधला. अंगातली वीज कार्डात गेली की कार्ड जळते, म्हणून तो पट्टा. तेवढ्यात गोपिकाताई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन हजर.

"नवीन वस्तू आहे वं, बोट लावू दे."

"आत नको ताई! हात जोडते! झाकणाले लाव, भिंतीले लाव, मले लाव!"

तिनं झाकणाले लावलं अन् मलेही लावलं.

पहिलं कार्ड खाचेत सरकवलं. अंगठ्यानं दाबलं अन् खट्ट! काय सांगू, तो खट्ट माझ्या छातीतच वाजला. दुसरंही बसवलं. वीज चालू केली. पहिल्या कार्डावर हिरवा दिवा लागला. दुसऱ्यावर लाल.

बाप्पा! मनोहरराव मागंच उभे. "काय झालं? लाल काहून आहे?"

"तुम्ही मागं उभे आहात म्हणून," मी बोलून गेली. पुन्हा वीज बंद केली, कार्ड काढलं, पाहिलं तं एका कडेनं नीट बसलंच नव्हतं. घाई नडली माझी. दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबलं, वीज चालू केली, हिरवा! मी चक्क टाळी वाजवली. गोपिकाताईनंही वाजवली. तिले काय समजलं देव जाणे, पण वाजवली.

आता आवाज भरायचा होता. मनोहरराव म्हणाले, "गोपिकाचाच भर. चांगला आहे, लोकायच्या ओळखीचा आहे."

गोपिकाताई अशी लाजली! पदर सारखा केला, जसा काही फोटोच काढून राहिले. "माहा आवाज मशीनमध्ये? पिंकीले सांगते थांब!" पोरीले फोन केला, जावेले फोन केला. आऱ्याचा आवाज मध्ये येत होता तं तिनं खिडकीतून खाली मिस्त्रीले हाक मारली, "दुर्गेश, मशीन बंद कर गा! माहा आवाज भरून राहिले!" अन् खरंच आरा थांबला. खालची सगळी माणसं वर माना करून उभी.

"नमस्कार, बोला भाऊ," ताई म्हणाली.

"'बोला भाऊ' नको ताई. नमस्कार, अन् लगेच 'मालाच्या भावासाठी एक दाबा, बिलासाठी दोन, गाडीसाठी तीन'."

"हाव, हाव. नमस्कार, बोला भाऊ... अरे देवा!"

किती वेळा केलं! 'बोला भाऊ' सोडलं की तिचा आवाज शाळेतल्या भाषणासारखा होऊन जाये. शेवटी मीच म्हटलं, असू दे, 'बोला भाऊ'सकटच भरू. अन् काय मस्त आवाज आला! ऐकताना वाटे की समोर बसून पाणीच विचारून राहिली. मी इतकी खूश होती की जिन्यावर जाऊन हेमराजभाऊले सांगणार होती. तिथं मनोहररावांनी गाठलं.

"भरला ना आवाज? पक्का?"

"एकदम पक्का!"

"बरं झालं. आता एक तारखेपासून गोपिकाले बसवायची गरज नाही. तिले आत्ताच सांगू नको."

मले आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा कानशिलं गरम झाली. "साहेब, तिचाच आवाज घेऊन तिलेच काढता?"

"तू तुझं काम कर. धंदा मी पाहतो."

मी वर आली. खोटं कशाले सांगू, एक क्षण वाटलं, कार्ड काढावं अन् फेकून द्यावं खालच्या भुशात. पण ते माझ्या हातानं झालेलं पहिलंच काम होतं. गोपिकाताई डबा उघडून बसली होती. "ये वं, दोन घास खा. सकाळपासून उपाशी दिसतेस," म्हणाली.

मग मात्र राहवलं नाही. सांगून टाकलं. चूक की बरोबर, मले नाही माहीत, पण तिच्या डब्यातलं खाऊन गप्प बसणं मले जमलं नसतं.

तिनं पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे माहा आवाज राहीन अन् मी नाही?"

मले रडूच आलं. उलट तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू चालू कर पोरी. तुहं काम नको बिघडवू."

चालू केलं. तपासणीचा माझा फोन लाइनले जोडून स्पीकरवर ठेवला, म्हणजे यंत्र काय बोलते अन् गिऱ्हाईक काय करते ते ऐकू येईन. मनोहरराव खुर्ची ओढून बसले. पहिला फोन उमरेडच्या रुपरावचा, फर्निचरवाला.

यंत्र म्हणालं, "नमस्कार, बोला भाऊ..."

"हाव गोपिकाताई! कशी आहेस? पिंकीचा पेपर कसा गेला?"

"मालाच्या भावासाठी एक दाबा..."

"अवं मी रुपराव बोलून राहिलो. दाबायचं कायले? आवाज नाही येऊन राहिला काय? हॅलो!"

बटण कोणी दाबलं नाही की थोड्या वेळानं फोन आपोआप ऑपरेटरकडे जाते. गोपिकाताईचा फोन वाजला. तिनं उचलला, "बोला भाऊ. येऊन राहिला आवाज. पेपर बरा गेला."

दुसरा फोन सावनेरचा. तोही तसाच, लेकीच्या लग्नाचं आमंत्रण देत बसला यंत्राले. तिसऱ्यानं यंत्राले झापलं, "ताई, आज मध्ये मध्ये काहून बोलतेस वं?" मले हसू आवरेना. गोपिकाताई मात्र हसली नाही, एकेक फोन उचलत होती.

मनोहरराव तडकले. "बटण काहून नाही दाबून राहिलं कोणी? तुहं कार्डच खराब आहे!"

"माझं कार्ड?" मी उसळलीच. "हिरवा दिवा पाहा! कार्ड बोलून राहिलं, बटणं सांगून राहिलं. तुमचे लोक बोलत बसले तं कार्ड काय करन?"

"मग एक तारखेनंतर असे फोन कोणाकडे जातीन?" गोपिकाताई समोर असूनही त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्याकडे. सगळे."

ते उठले. "मी खाली जाऊन मोबाईलवरून लावतो. पाहूच खराबी कोणाची आहे." धडधड जिना उतरले.

कार्ड चांगलं होतं, पण 'बोला भाऊ' ठेवायची अक्कल माझीच. आता ते बटण दाबतीन, बरोबर जोडलं जाईन, अन् गोपिकाताई गेली. नाही जोडलं तं मी गेली. अशा कात्रीत सापडली होती मी.

फोन आला. यंत्र म्हणालं, "नमस्कार, बोला भाऊ..."

"हां गोपिका," स्पीकरवर मनोहररावांचा आवाज, "ते कळमेश्वरवाल्याची गाडी निघाली काय वं? दुर्गेश विचारून राहिला."

"मालाच्या भावासाठी एक दाबा..."

"अवं भाव कोणी विचारला? गाडीचं सांग. अन् दोन चहा पाठव खाली."

सगळं ऑफिस ऐकून राहिलं होतं. मी तोंडावर हात दाबला. पलीकडून एकदम, "अर्र..." अन् मागून दुर्गेशचं खो खो हसणं.

ऑपरेटरचा फोन वाजायले लागला. गोपिकाताईनं हात पुढं केला, पण उचलला नाही. वाजू दिला. मी म्हटलं, "ताई, उचल ना." तिनं मान हलवली. जिन्यावर पावलं वाजली. मनोहरराव दारात येऊन उभे राहिले, मोबाईल अजून कानालेच.

तेव्हा तिनं फोन उचलला. त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"बोला भाऊ," ती म्हणाली. "एक तारखेले हा फोन कोण उचलन?"

मनोहररावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते खाली पाहून, मोबाईलमध्येच म्हणाले, "तूच उचल वं. दुसरं कोण उचलन?"

गोपिकाताईनं डोळे पुसले, नाक ओढलं अन् आवाज सारखा केला.

"कळमेश्वरची गाडी सकाळीच निघाली भाऊ," ती म्हणाली. "चहा पाठवते."