ढब्बूचा डबा

"बिस्किटं संपून युगं लोटली, पण हा डबा काही घरातून हलत नाही," माझ्यावरची धूळ झटकत आत्या पुटपुटली.

मित्रांनो, तो न हलणारा जुना डबा म्हणजे मी. पत्र्याचा, चौकोनी, एका कोपऱ्यात पोचा आलेला. पण मला रिकामा डबा म्हणू नका, माझं डोकं फिरतं. मी ढब्बूची प्रथमोपचाराची पेटी आहे. निदान एके काळी होतो.

ढब्बू हा ह्या घरातला कुत्रा. एकदा त्याच्या पंजात खिळा घुसला तेव्हा घरात धड चिंधी सापडेना. आईनं ते मनाला लावून घेतलं. दुकानातल्या तयार पेटीची किंमत ऐकून ती नुसती हसली आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांना विचारून आली. आई शिवणकाम करते. तिनं जुनी सुती चादर उकळली, वाळवली, इस्त्री केली आणि तिच्या पट्ट्या कापल्या. बोथट टोकाची कात्री, काटे काढायला चिमटा, जखम धुवायला सलाइनची बाटली, पंजावर चढवायला जोडी हरवलेला मोजा, ताप बघायला थर्मामीटर. एक लांब पट्टी वेगळी ठेवली, ढब्बूच्या तोंडाला बांधायला. दुखायला लागलं की मायेचा कुत्राही चावतो. झाकणाच्या आत दवाखान्याचा नंबर चिकटवला. त्या दिवशी मी फळीवर ताठ बसलो होतो.

मग हात यायला लागले.

पहिली गेली कात्री, दुधाची पिशवी कापायला. ताईनं भुवया कोरायला चिमटा पळवला. बाबांनी पट्ट्यांनी स्कूटर पुसली. उकळलेल्या, इस्त्री केलेल्या पट्ट्यांनी! आत्याला कणकण वाटली, तिनं थर्मामीटर तोंडात धरला. कुत्र्याचा ताप शेपटीखाली बघतात, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. बदल्यात माझ्या पोटात काय आलं? तुटकी बटणं, रबरबँड आणि आत्याच्या गुडघेदुखीच्या उरलेल्या गोळ्या. मी झाकण घट्ट आवळून धरायचो, तर चमच्यानं उचकटायचे. पत्र्याच्या रागाला कोण विचारतो?

परवा दुपारी बाबांच्या हातून काचेची बरणी फुटली. केरसुणी येईपर्यंत ढब्बू धावत आला. फरशीवर रक्ताचे ठसे उमटत गेले.

"डबा आणा," आई ओरडली.

मला उघडलं. बटणं घरंगळली.

"गोळी तरी द्या त्याला, बिचारा किती कण्हतोय," आत्या म्हणाली.

झाकणातला नंबर तेवढा जागेवर होता. कंपाउंडरकाका फोनवर जवळजवळ खेकसलेच, "माणसाची गोळी अजिबात नको, जिवावर बेतेल. स्वच्छ कापडानं दाबून धरा आणि आधी घेऊन या."

आईनं मशीनवरचं गिऱ्हाइकाचं कोरं कापड ओढलं आणि पंजावर दाबलं. तोंडाला बांधायची पट्टी स्कूटर पुसण्यात गेलेली, त्यामुळे उचलताना ढब्बूनं बाबांचा अंगठा फोडला. बरं झालं, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

दवाखान्यात ढब्बूला सहा टाके पडले. बाहेरच्या बाकावर सगळे ओळीनं बसले होते आणि मी आईच्या मांडीवर. कंपाउंडरकाकांनी मला उघडून बघितलं.

"वहिनी, मी सांगितलेलं सामान कुठाय?"

"मी नुसता ताप बघितला," आत्या म्हणाली.

"चिमटा परत ठेवणारच होते मी," ताई म्हणाली.

बाबा अंगठ्याच्या बँडेजकडे बघत राहिले. "घरात चार माणसं वावरतात, काका. वस्तू इकडच्या तिकडे व्हायच्याच."

मित्रांनो, वस्तू आपल्या पायानं इकडच्या तिकडे होत नाहीत. तुमच्या घरीही असा एखादा डबा असेल. त्यातली वस्तू उचलताना एवढंच आठवा, की ज्याची ती आहे त्याला मागून घेता येत नाही, आणि नाहीही म्हणता येत नाही.

आतून ढब्बूचं बारीक कुंईकुंई ऐकू आलं. आईनं माझं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"आधी कात्री मी नेली," ती म्हणाली. "पट्ट्या उकळल्या त्याच आठवड्यात. माझं बघून बाकीच्यांनी हात घातले." तिनं सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. "दुधाची पिशवी कापताना मनात काय आलं, सांगू? कुत्र्याचंच तर आहे."