होडी नसलेल्या घराचा मासा

बिल्ल्यावरच्या माशाचं डोकं डावीकडे होतं — बरोबरच आहे, जपानात मासा वाढताना डोकं डावीकडेच ठेवतात, हे तिला जपानी भाषेच्या पहिल्या वर्षाच्या वर्गातच कळलं होतं — पण माहेरच्या शेजारची पुतळामावशी ठेवायची तेव्हा माशाचं तोंड घराकडे असायचं, शेपूट गल्लीकडे, आणि ताटली असायची अ‍ॅल्युमिनियमची, एका बाजूने चेपलेली. ही ताटली निळी होती. अंगठ्याच्या नखाएवढी, चकचकीत, मागे टाचणी. तिच्या काठाने गोल फिरलेली इंग्रजी अक्षरं इतकी बारीक होती की भावनाला बिल्ला खिडकीपाशी न्यावा लागला... 'हा होडी नसलेल्या घराचा.' तिचंच वाक्य. म्हणजे मीच लिहिलेलं — सीवूड्‌सच्या याच स्वयंपाकघरात, याच टेबलावर, दोन वर्षांपूर्वी, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघत — आणि आता ते कुठल्यातरी कारखान्यात हजारोंनी छापून लोकांच्या पिशव्यांवर नि जॅकेटांवर फिरत होतं.

बिल्ला अनुवादाच्या एजन्सीमार्फत कुरियरने आला होता, आणि सोबत मोरिशितासानचं पत्र. ते तिने अजून एकदाच वाचलं होतं. दुसऱ्यांदा वाचायचा धीर होत नव्हता, म्हणून तर बिल्ल्याशी हा चाळा.

मोरिशितासानना तिने कधी पाहिलेलं नव्हतं. जपानच्या कुठल्याशा छोट्या बंदरावर मासळीच्या लिलावाच्या कचेरीत दिवसभर कारकुनी आणि उरलेल्या वेळात, सहा वर्षं, एकट्याने बनवलेला एक गेम. 'सकाळची वाटणी.' त्यात मारामारी नाही, शर्यत नाही. कियो नावाची एक म्हातारी रोज सकाळी धक्क्यावर बसून आलेल्या मासळीचे वाटे घालते आणि घरोघर पोचवते, बस. दिवसेंदिवस होड्या कमी होत जातात, वाटे लहान होत जातात. जपानात पाचेक हजार लोकांनी तो खेळला, बरा म्हटला आणि विसरले. मग इंग्रजी आलं. भावनाचं इंग्रजी. आणि काय झालं ते अजून कुणालाच नीट सांगता आलेलं नाही — तीन लाख! कॅनडातल्या एका बर्फाळ गावातला निवृत्त ट्रक ड्रायव्हर, लीड्‌सची एक नर्स, नवऱ्यापासून नुकतीच वेगळी झालेली टेक्ससची एक बाई... हे लोक गेमबद्दल पानंच्या पानं लिहीत होते, आणि प्रत्येक पानात कुठे ना कुठे ते एक वाक्य येत होतंच. नर्सने तर लिहिलं होतं, आमच्या जिन्यावर एक माणूस एकटा राहतो, काल मी त्याच्या दारात सूप ठेवून आले.

भावनाने हे सगळं पाठ केलं होतं. तिला अभिमान वाटत होता, आणि उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे, प्रचंड वाटत होता. पडद्यावर तिचं नाव नव्हतं, एजन्सीचं होतं, तरी भाजी चिरताना मध्येच तिला हसू फुटायचं. सोसायटीत चौथ्या मजल्याला वास जातो म्हणून खिडक्या लावून मासळी तळणारी मी, आणि माझं वाक्य...

पण ते वाक्य मोरिशितासानचं नव्हतं, हीच तर गोम होती.

अनुवादाला गेम येतो तो गेमसारखा येतच नाही. एक्सेलची शीट येते. चार हजार ओळी, मागेपुढे झालेल्या, चित्र एकही नाही, कोण कुणाशी बोलतंय ते अंदाजाने. ओळ तेराशेबारामध्ये कियो एवढंच म्हणत होती, 'हा वेगळा.' हा म्हणजे मासा, हे आधीच्या ओळीवरून दिसत होतं. कुणासाठी वेगळा, ते नव्हतं. असं अडलं की शेजारच्या रकान्यात प्रश्न लिहायचा, हा एजन्सीचा नियम, आणि भावना तो इतका पाळायची की सौरभ — तिचं काम बघणारा एजन्सीतला मॅनेजर — तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणायचा. पण तेराशेबाराला तिला काही अडलंच नाही. वाटे घालून झाल्यावर एक मासा बाजूला काढला तर तो कुणाचा असणार? यात विचारायचं काय? तिने लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेली. तो मासा मांजरीचा होता, हे तिला गेम बाहेर पडल्यावर, पडद्यावर बघताना कळलं. कियो उंबऱ्यावर ताटली ठेवते, समोरच्या अंधाऱ्या घराकडे बघून म्हणते, 'हा होडी नसलेल्या घराचा' — आणि कोपऱ्यातून मांजर येऊन तो खाऊन जाते. झालं! खेळणाऱ्यांना वाटलं, मांजर गरिबाचा मासा चोरते. कुणी त्या मांजरीला शिव्या घातल्या, कुणी तिला हुसकायची युक्ती शोधून काढली, आणि तिच्यावर चर्चा करकरून थकल्यावर ते सगळे रडले.

तिने कुणालाच सांगितलं नाही. दोन वर्षं.

आणि आता पत्र. सुरुवात हवेने, रीतीप्रमाणे. आमच्या बंदरावर अजून थंडी आहे, तुमच्याकडे कसं आहे? मग आभार. मग — 'मला इंग्रजी येत नाही. बिल्ल्यावरचं वाक्य मी मुलीकडून समजून घेतलं. मी मांजरीबद्दल लिहिलं होतं. हे घर कुठून आलं? शनिवारी एक इंग्रजी मासिक माझी मुलाखत घेणार आहे आणि त्यांचा पहिला प्रश्न त्या घराबद्दल आहे. कृपया कळवावे.' एवढंच. राग आहे की नुसतं कुतूहल, ते जपानी पत्रात शोधून सापडत नाही.

शनिवार उद्या होता.

फोन वाजला. सौरभच. वाशीच्या ऑफिसातून बोलत होता, मागे कुणीतरी हसत होतं.

"मॅडम, वाचलं ना लेटर? टेन्शन नका घेऊ. सॉरी बोलून टाका. चूक झाली, नेक्स्ट अपडेटमध्ये मांजर टाकतो, संपला विषय."

"म्हणजे ते वाक्य काढायचं?"

"काढायचंच ना. ओरिजिनलमध्ये नाहीये ते. आपण घुसवलं हे बाहेर कळलं तर पुढचा तो मोठा प्रोजेक्ट गेला. आणि तुमचं नाव मला लिस्टमध्ये ठेवता येणार नाही, खरं सांगतो. संध्याकाळपर्यंत पाठवा. ते तुमचं मस्त नम्र जपानी लिहा."

तिने लिहिलं. वीस मिनिटांत. नम्र जपानीत माफी मागणं हे तिचं हुकमी काम — वाकून, अजून वाकून, कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकून. माझ्या अज्ञानामुळे. माझ्या निष्काळजीपणामुळे. वाचून पाहिलं तर एक अक्षर चुकलेलं नव्हतं. आणि तरी पाठवायच्या बटणावर बोट गेलं नाही... अज्ञान? ज्या एका ओळीला मला सगळं ठाऊक होतं, त्या ओळीला अज्ञान म्हणायचं?

ती उठली, बिल्ला मुठीत घेतला, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि रिक्षा करून दिवाळे गावाला निघाली. माहेरी. पुलाखालून खाडी दिसली, ओहोटीची, चिखल उघडा पडलेला.

ती नऊ वर्षांची असताना बापाने — तुळशीरामने — होडी विकली. खाडीत जाळं टाकून पोट भरेना, म्हणून तो रबाळ्याला एका कंपनीत वॉचमन लागला. कंपनीतली यंत्रं जपानची. त्यांच्या खोक्यांतली माहितीपुस्तकं तो रद्दी म्हणून घरी आणायचा, आणि आई त्यांची कव्हरं तिच्या वह्यांना घालायची. त्या अक्षरांची पहिली ओळख तिथली. पण त्याच वर्षी दारात ताटली यायला लागली. शेजारच्या पुतळामावशीची होडी आली की आधी खलाशांचे वाटे, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि मग एक बोय किंवा दोन-चार कोलंब्या वेगळ्या. 'हा होडी नसलेल्या घराचा,' असं मोठ्याने म्हणून — गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने! — ती ताटली उंबऱ्यावर ठेवायची. भावनाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शाळेच्या मुली बघायच्या. मग ती काय करायची... हे तिने आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला सांगितलेलं नाही. ती ताटली उचलून मागच्या दारी न्यायची आणि मासा मांजरीला घालायची. रिकामी ताटली धुऊन परत. आई बाजारातून आल्यावर विचारायची, आज पुतळाने काही ठेवलं नाही का गं? नाही. अख्खा एक पावसाळा. पुढे पुढे ताटलीत दोन मासे यायला लागले, तेव्हा तिला अजूनच राग आला, पण मांजरीला दोन संपेनात, म्हणून एक आत नेला.

मोरिशितासान, तुमची मांजर मला ठाऊक होती. तुम्ही लिहायच्या कितीतरी आधीपासून.

घराला कुलूप होतं. पुतळामावशी शेजारच्या ओट्यावर सुकी कोलंबी सोलत बसली होती. ऐंशी उलटून गेली, आता होडी नाही, पण हात थांबत नाहीत.

"आयलीस गो? आईस तुझी बँकेत गेलीय. बस."

भावना बसली. बिल्ला तिच्या तळहातावर ठेवला. मावशीने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"मासा हाय ह्यो."

"तुझाच आहे. तू आमच्या दारात ठेवायचीस ना, तो. तू बोलायचीस ते मी एका गेममध्ये लिहिलं, मावशी. तीन लाख लोकांनी वाचलं."

"कुठली लोका?"

"लांबची. बर्फातली."

"आनि त्यांच्यान वाटा नाय देत?"

"नाही देत बहुतेक."

"मंग रं देवा, कसा करतात?" मावशीला खरंच वाईट वाटलं. कोलंबी सोलायचीही थांबली ती. मग पुन्हा बिल्ल्याकडे बघून म्हणाली, "पन येकच मासा?"

"किती पाहिजेत?"

"मी तं दोन ठेवीत व्हती. येक मांजरीला."

गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू केली, बंद केली. भावनाच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

"तुला माहीत होतं?"

"ना ठाव नसाया काय? तुमच्या मागल्या दाराची मांजर फुगली व्हती, नि तू वाळत चाललेलीस. मी बोलली, मांजरीचा पोट भरल्याबिगर ही पोर काय मासा घरान नेत नाय. म्हनून दोन."

"मग मला बोलली का नाहीस? आईला तरी सांगायचंस."

"कनाला? मानी पोर. बापावर गेलेली." तिने सोललेला एक सोडा निवडून टोपलीत टाकला. "आनि ता काय भीक नव्हती गो. तुझ्या बापसाची होडी गेली, म्हनून वाटा जातो काय?"

 भावनाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते वेगळंच काहीतरी, छातीत रुंद होत जाणारं. इतकी वर्षं ती धरून बसली होती की त्या ताटलीत आपली गरिबी होती. गल्लीभर ऐकू जायचं ते काय? तर या घराचा वाटा आहे, बाबांनो, हे घर अजून मोजणीत आहे. मावशी ते ओरडून सांगत होती आणि मी कान झाकून घेत होते. आणि तरी ते कुठेतरी तसंच्या तसं राहिलं, पंचवीस वर्षं, आणि ओळ तेराशेबाराला न विचारता बाहेर आलं. बर्फातल्या त्या ट्रक ड्रायव्हरला ते पहिल्या वाचनात कळलं. मला कळायला आजचा दिवस यावा लागला.

तिने ओट्यावरच लॅपटॉप उघडला. ते नम्र पत्र पुसून टाकलं आणि नवीन लिहायला घेतलं, साध्या जपानीत, जवळच्या मोठ्या माणसाला लिहावं तसं. आमच्याकडे थंडी नाही. ते घर आमचं आहे. तुमची मांजरही खरी आहे, कारण मासा तिनेच खाल्ला. चूक माझी, विचारायला हवं होतं. पण वाक्य काढू नका अशी माझी विनंती आहे, आणि उद्या मुलाखतीत सांगायचं असलं तर सांगा की ते पुतळा नावाच्या बाईचं आहे, दिवाळे गावातल्या, आणि तिची दुरुस्ती अशी आहे की ताटलीत मासे दोन हवेत. खाली स्वतःचं नाव लिहिलं. भावना तुळशीराम कोळी. एजन्सीचं लिहिलं नाही.

सौरभचा फोन येऊन गेला होता, दोनदा. मोठा प्रोजेक्ट जाईल. जाईलही. मोरिशितासान रागावतील, किंवा शनिवारी मुलाखतीत हसतील, किंवा मांजरच बरोबर म्हणून ते वाक्य पुसून टाकतील — त्यांचा गेम आहे, त्यांचा हक्क आहे. तिने हे सगळं एकेक करून स्वतःला सांगून पाहिलं. तरी पत्र बदलावंसं वाटलं नाही. लीड्‌सच्या जिन्यावर सूप ठेवून झालं होतं, ते आता कुठलं अपडेट परत उचलणार?

तिने बिल्ला कुर्त्याला लावला. बाहेरून, दिसेल असा.

"मावशी," ती म्हणाली, "घरात मासळी आहे?"

"हाय ना. बोय हाय सकालची. कनाला?"

पत्र अजून पडद्यावर होतं, बोट बटणाशी होतं. पण मला आधी भूक लागली होती, त्या माशाची, पहिल्यांदाच.