बोटभर मोकळीक

बशीवर चमचा दोनदा किणकिणला. लेकीला, भिंगरीला, नुकतंच झोपवलं होतं, घर चिडीचूप होतं, त्यामुळे तेवढासा आवाजही मोठा वाटला. अण्णा, म्हणजे माझे सासरे, त्यांचा थोरला लेक, माझा नवरा, गेल्यापासून कुणाला हाक मारत नाहीत. काही हवं असलं की बशीवर चमचा.

मी गेले. चहावर साय धरली होती.

"शनिवारी धाकटा येतोय गाडी न्यायला," ते म्हणाले. "तोवर तिचं दुखणं सापडलं तर सापडलं."

नाहीतर भंगार. तो शब्द दोघांनीही गिळला.

गाडी अण्णांच्या लग्नाहून जुनी. गंजक्या सांगाड्यापासून बापलेकांनी ती उभी केली होती, सुट्टीची प्रत्येक सकाळ तिच्या पोटाखाली घालवून. आता लेक नाही, अण्णांच्या हाताला कंप, आणि गाडीनं हे नवीनच काढलेलं. घरून निघताना गुणी बाळ. थोडं लांब गेलं की जड जड होत जायची, कुणी मागून पदर धरल्यासारखी, आणि शेवटी आपोआप ब्रेक लागून जागच्या जागी उभी. मागे अशीच भर रस्त्यात थांबली तेव्हा मागच्या सीटवर भिंगरी होती आणि तिच्या मागे ट्रक. ट्रकवाल्यानं वेळेत वळवलं म्हणून वाचलो. आणि जरा वेळानं गाडी पुन्हा सुरळीत, जसं काही झालंच नाही.

दोन गॅरेजवाल्यांनी पाहिली. "काही नाही हो, ठणठणीत आहे." डॉक्टरसमोर नेलं की पोराचा ताप उतरतो ना, तसं. एकानं ब्रेकचे लायनर बदलले, दुसऱ्यानं रबरी पाइप. दुखणं तिथंच.

माझा दीर वाईट नाही. तो एवढंच म्हणाला होता, "वहिनी, दादाची आठवण म्हणून दादाचीच पोर पणाला लावायची का?" त्याचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. पण त्या गाडीच्या सीटच्या फटीत मला अजून त्याच्या दादाच्या खोकल्याच्या गोळ्यांचे कागद सापडतात.

"सगळ्यांनी ती थंड बघितली," अण्णा म्हणाले. "आपण तापलेली बघू. जड झाली की निवू द्यायची नाही, तशीच आत आणायची. जमेल?"

"जमेल."

"जमेल म्हणणाऱ्या सूनबाईंना जॅक कुठे असतो ते तरी माहीत आहे का?"

"तुमच्या पलंगाखाली. झाडताना रोज पायाला लागतो."

ते हसले नाहीत, पण निवलेला चहा घोटभर प्यायले.

भिंगरी उठल्यावर तिला आजोबांजवळ आमच्या गॅरेजच्या पायरीवर बसवलं. मी एकटीच मागच्या रिकाम्या मैदानाभोवती गाडी फिरवत राहिले, ब्रेक मारत, सोडत. बराच वेळ काही नाही. मग ती जड झाली. जळका वास आला. पहिल्या गिअरमध्ये रडतखडत आत आणली आणि पुढचं एक चाक जॅकवर उचललं. हातानं फिरवून बघितलं. फिरेना.

"आजोबा, हिला ताप आलाय?" भिंगरीनं विचारलं.

"आलाय. आता तो कुठून आलाय ते बघायचं."

अण्णा स्टुलावर बसून सांगत होते, हात माझे. चाकामागचा छोटा नट सैल केला. ब्रेक ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं. भिंगरीनं ढकललं तरी गरगर फिरलं.

"जॅक उतरव. गाडी ढकल."

ढकलली. सहज सरकली.

"एका चाकाचा नट सोडला आणि चारही सुटली," अण्णा म्हणाले. "म्हणजे कोंडमारा चाकात नाही, मुळात आहे. पॅडल हातानं दाबून बघ. आधी बोटभर पोकळ जातं का?"

मी वाकून दाबलं. पोकळ काही नव्हतंच. हात टेकताच कडक.

अण्णा स्टुलावरून पुढे झुकले. मग सावकाश म्हणाले, "बोटभर मोकळीक ठेवावी लागते. नाहीतर पाय काढला तरी ऑइलला परत जायची वाट उघडत नाही. थंड असताना निभावतं. तापून फुगलं की आतच कोंडतं. पण पॅडलमागची ती दांडी मी बसवली तेव्हा मोकळीक होती. मग कुणी..."

मला आठवलं होतं.

नवऱ्याचं दुखणं कळलं त्याच आठवड्यात त्यानं मला गाडी शिकवायला घेतली होती. माझे पाय आखूड. ब्रेक खोल दाबायला सीटवरून घसरावं लागायचं. "राणीसाहेब पाय घरी विसरल्या वाटतं," तो म्हणायचा. एका दुपारी तो डॅशबोर्डखाली उताणा शिरला, पाना घेऊन. बाहेर आला तेव्हा धाप लागली होती. "आता बघ. नुसता पाय टेकवलास तरी थांबेल."

आणि थांबायची. हॉस्पिटल जवळच होतं, गाडीला तापायला वेळच मिळत नसे. शेवटपर्यंत मीच त्याला नेलं, आणलं. एकदा नुसतंच नेलं.

मी हे अण्णांना सांगितलं.

"थंड गाडीवर मोजलं असणार त्यानं," ते म्हणाले. "मला विचारलं नाही, कारण मी नाही म्हणालो असतो."

"तसंच राहू दिलं तर?" उत्तर मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"तर शनिवारी धाकट्याच्या हातात किल्ली दे."

पाना घेऊन मी आत शिरले, तो शिरला होता तशीच, उताणी. दांडीचा नट घट्ट आवळलेला होता. त्या दिवसांत त्याला पायऱ्या चढवत नव्हत्या. एवढं बळ आणलं कुठून होतं कोण जाणे. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा नट सुटला. मी दांडी एकेक आटा मागे घेत होते आणि अण्णा बाहेरून वाकून, थरथरत्या बोटानं पॅडल दाबून बघत होते. "अजून. अजून जरा. बास."

ब्रेकचं ऑइल भरलं, पाइपातली हवा काढली आणि पुन्हा मैदानाला फेऱ्या मारल्या. या वेळी मुद्दाम जास्त. वास नाही, जडपणा नाही. तापलेली गाडी जॅकवर घेतली; चाक फिरत राहिलं, आपलं आपण थांबेपर्यंत.

"धाकट्याला फोन करतो, येऊ नको म्हणून," अण्णा म्हणाले. आत जाताना दारात थांबले. "तुझ्या पाठीला एक जाड उशी घेऊ. पुरेल पाय."

मी स्टिअरिंगमागे बसून राहिले. ब्रेक दाबून पाहिला. पाय खोल गेला, पूर्वीसारखाच, मी सीटवरून घसरले. भिंगरी दुसऱ्या दारानं शेजारी चढून बसली.

"बाबांनी तुझ्यासाठी काय केलं होतं?"

"ब्रेक माझ्या पायाजवळ आणला होता."

"आणि तू तो परत लांब नेलास?"

"हो."

ती खाली वाकली आणि पॅडलमागच्या अंधारात डोकं घालून बराच वेळ शोधत राहिली. मग वर बघून म्हणाली,

"मग बाबांनी केलेलं कुठे गेलं?"