साखळी ओढताना डावीकडे सरका

आमच्या घरात सगळ्यात जास्त पाणी कोण पितं, हे मला लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर कळलं. संडास. इतकी वर्षं मी उगाच नवऱ्यावर संशय घेत होते, कारण तो दाढी करताना नळ सोडून गाणं म्हणतो.

आम्ही रंगारी. खाली कापड रंगवायची जागा, वर राहतं घर आणि दोन्हींना मिळून गच्चीवर हजार लिटरची एकच टाकी. ती एक दिवसाआड भरते. कापड रंगवायला पाणी फार लागत नाही, लागतं ते नंतर खळबळायला. जादा रंग नीट धुऊन काढला नाही, तर तो गिऱ्हाइकाच्या अंगाला लागतो आणि गिऱ्हाईक आमच्या नावानं खडे फोडतं.

त्या महिन्यात हातात एकच मोठं काम होतं, नाट्यगृहाचा दर्शनी पडदा. निळा. तो अंगणात पसरला की अंगण संपायचं आणि पडदा उरायचा. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना आम्ही रुमालवाले साहेब म्हणायचो. त्यांच्या खिशात कायम एक पांढरा शुभ्र रुमाल. तो ओला करून कापडावर घासायचा, रुमालाला रंग लागला की कापड परत. त्यांचंही चूक नव्हतं. आदल्या वर्षी दुसऱ्या कुणाचा तरी पडदा नायकाच्या पांढऱ्या कपड्यांवर उतरला होता आणि बिचारा विनोदी नाटकात खरंखुरं रडला होता.

आमचा पडदा पास झाला, तर वर्षभर नाट्यगृहाचं सगळं कापड आमच्याकडे. नाही झाला, तर नवरा आठ तासांवरच्या कापडगिरणीत नोकरीला. गिरणीचं बोलावणं आलेलं होतं. माळ्यावरची बॅग खाली उतरून दाराशी उभी होती, आणि मी येता-जाता तिच्याकडे बघायचं टाळत होते. माणूस तसा वैताग आहे. घोरतो. चव न घेता भाजीवर मीठ घालतो. पण तो आठ तासांवर राहणार म्हटलं की मला घर नकोसं वाटायचं. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर शेफारला असता.

तर हिशोब असा होता. शुक्रवारी पडदा द्यायचा. खळबळायचं एक पाणी काढून झालं होतं, दोन बाकी होती, आणि एकेका पाण्याला तीनशे लिटर लागतं. बुधवारी टाकी भरणार. स्वयंपाक, आंघोळी, भांडी काटकसरीनं करून दोन दिवसांत दीडशे लिटरमध्ये भागतं. म्हणजे पाणी पुरायला हवं. पण कधीच पुरत नव्हतं. मग मी दोन दिवस वही घेऊन बसले आणि तेव्हा संडासातला चोर सापडला.

आमचा संडास म्हणजे आप्पांचा जीव. आप्पा माझे सासरे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः छताला लागून लोखंडी टाकी बसवली होती, चौदा लिटरची, खाली लोंबती साखळी आणि साखळीला लाकडी मूठ. ओढली की अशी गर्जना व्हायची की समोरच्या घरातले लोक बोलायचं थांबायचे. त्या टाकीच्या जोडातून दर वेळी पाच-सहा थेंब खाली उडायचे. त्यामुळे आमच्या घरची रीतच होती, साखळी ओढायची आणि पटकन डावीकडे सरकायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी भिजले, दुसऱ्या दिवसापासून सरकायला लागले. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की मी बँकेतल्या संडासातही डावीकडे सरकते आणि भिंतीवर आपटते.

माणसं तीन. आप्पा दर वेळी दोनदा ओढायचे. "एकदा कामाचं, एकदा खात्रीचं," असं त्यांचं म्हणणं. दोन दिवसांचे साडेपाचशे लिटर नुसते गर्जनेत जात होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

"आधी पडदा धुऊन घेऊ, मग उरेल त्यात भागवू," नवरा म्हणाला. तो प्रयोग आम्ही मागे एकदा केला होता. दोन दिवस, तीन माणसं आणि पाण्याचा थेंब नाही. त्याविषयी या घरात कुणी बोलत नाही.

मंगळवारी सकाळी मी प्लंबरला बोलावलं. सडपातळ माणूस, बोलणं कमी, ठोकून बघणं जास्त. त्यानं भांडं ठोकलं, टाकी ठोकली, पाइपाला कान लावला.

"भांडं ठणठणीत आहे, त्याला हात लावायची गरज नाही," तो म्हणाला. "फक्त टाकी बदलू. कमरेच्या उंचीची, दोन बटणांची. छोटं बटण तीन लिटर, मोठं सहा. शिवाय ही जुनी गळतेय. दिवसरात्र बारीक धार आहे आत."

आप्पा दारातच उभे होते. "माझी टाकी गळत नाही," ते म्हणाले.

"गळते, आप्पा."

"सिद्ध कर."

प्लंबरनं पद्धत सांगितली. वरच्या टाकीत थोडा रंग टाकायचा. अर्धा तास कुणी साखळी ओढायची नाही. खाली भांड्यात रंग दिसला, म्हणजे टाकी गळते. "केकात घालतात तो रंग असेल घरात, तर तो द्या," एवढं बोलला आणि तिथंच चुकला.

"केकातला?" आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "रंगाऱ्याच्या घरात येऊन केकातला रंग मागतोस?" ते तरातरा खाली गेले आणि आपली खास बरणी घेऊन आले. पडद्याचाच निळा. थंड पाण्यात पकडतो, एकदा बसला की उतरत नाही. "माझा रंग खोटं बोलत नाही. खाली दिसला, तर बदल टाकी. नाही दिसला, तर तुझी तू वाट धर."

आता इथं मी बोलायला हवं होतं. आमच्या घरात कच्चा रंग नावाची वस्तूच नाही, हे खरं. पण अर्ध्या तासाच्या तपासणीला पक्का रंग कशाला, हे त्या चौकडीत कुणालाच सुचलं नाही. चौकडी म्हणजे आप्पा, नवरा, प्लंबर आणि मी. आप्पांनी चमचा न मोजता रंग ओतला. प्लंबर संडासाबाहेर स्टूल टाकून पहाऱ्याला बसला. मी आणि नवरा गच्चीवर पडद्याची घडी उलटायला गेलो.

वीस मिनिटांनी प्लंबरला आठवलं की नव्या टाकीचा वॉशर गाडीतच राहिलाय. तो खाली उतरला. आणि नेमके त्याच वेळी, न सांगता सवरता, तीन दिवस आधी, रुमालवाले साहेब पडदा कुठवर आलाय ते बघायला घरी आले. जिना चढून आले, आप्पांना नमस्कार केला आणि जरा घुटमळून विचारलं, "हात धुवायला कुठं जाऊ?"

आप्पा म्हणजे पाहुणचाराला एक नंबर. "त्या दारानं. आणि साखळी जोरात ओढा, लाजू नका."

डावीकडे सरका, एवढं सांगायचं राहिलं. श्वास घ्या असं आपण पाहुण्यांना सांगतो का?

गर्जना मी गच्चीवर ऐकली. माझ्या हातातून पडद्याचं टोक सुटलं. धावत खाली आले, तर साहेब संडासाच्या दारात उभे. गृहस्थ चांगले उंच, गोरेपान, आणि डोक्यावर औषधालाही केस नाही. त्या गुळगुळीत डोक्यावर सहा निळे ठिपके. पाच विखुरलेले आणि एक बरोबर मध्यभागी.

"वरून पाणी पडलं," साहेब म्हणाले.

"पडतं," आप्पा म्हणाले. "रंग सुरेख दिसतोय."

मी कपाळावर हात मारून घेतला. मग साहेबांनी आरशात बघितलं, आणि नंतर जे बोलले त्यातलं निम्मं मला कळलंच नाही इतकं ते शुद्ध होतं. शुक्रवारी नव्या नाटकाआधी त्यांना रंगमंचावर उभं राहून भाषण करायचं होतं. समोर आठशे माणसं.

आम्ही त्यांना अंगणात कापड खळबळायच्या हौदाशी बसवलं. साबण लावला, लिंबू लावलं, पीठ चोळलं. नवरा तांब्यावर तांबे ओतत होता. साहेब म्हणायचे, "अजून." तो ओतायचा. टाकीतलं त्या दिवसाचं सगळं पाणी साहेबांच्या डोक्यावरून गटारात गेलं आणि शेवटी नळ नुसता खाकरला. ठिपके जागच्या जागी. उलट डोकं घासून लाल झाल्यामुळे निळा जास्तच उठून दिसायला लागला.

साहेब उठले. खिशातून तो पांढरा रुमाल काढला आणि डोकं खसाखसा पुसलं. मला वाटलं, आता हा माणूस तोंडावर नाही म्हणेल आणि विषय संपेल. बॅग दाराशी उभीच होती.

साहेबांनी रुमालाकडे बघितलं. पांढरा. त्यांनी रुमाल ओला केला, मधला ठिपका नेम धरून घासला, पुन्हा बघितलं. पांढरा. मग त्यांनी रुमाल उजेडात धरला.

"पडदा याच रंगाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"याच बरणीतला," आप्पा म्हणाले. छाती इतकी फुगली होती की सदऱ्याचं बटण ताणलं.

तिथं गप्प बसले असते, तर बहुतेक काम झालं असतं. पण मला कुठं गप्प बसता येतं. "साहेब, तुमचं डोकं तासभर धुतलंय," मी म्हटलं. "पडद्याला अजून दोन पाणी बाकी आहेत. ती झाल्याशिवाय रुमाल लावाल, तर निळा होईल."

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. साहेबांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. "मग शुक्रवारी येतो," ते म्हणाले. "रुमाल घेऊन. आणि टोपी घालून."

ते गेल्यावर प्लंबरनं आप्पांना संडासात बोलावलं. सगळा गोंधळ चालू असताना त्यानं बादलीभर पाणी ओतून भांडं स्वच्छ केलं होतं आणि मग नुसतं वाट बघत थांबला होता. साखळीला कुणी हात लावला नव्हता, तरी मागच्या भिंतीवरून एक बारीक निळी रेघ संथपणे खाली उतरत होती. आप्पा वाकून बघत राहिले. पंचेचाळीस वर्षं त्या टाकीची बाजू घेतलेला माणूस, मला त्यांची दयाच आली.

"एकसारखा आलाय रंग," ते म्हणाले. मग कंबर सरळ करून, "बदल."

दुपारपर्यंत नवी टाकी बसली. गच्चीवरची कोरडी होती, म्हणून पिंपातलं पाणी ओतून ती भरली. आप्पांनी बटण दाबलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "ही काही बोलतच नाही." खात्रीचं म्हणून पुन्हा दाबलं. पण दोनदा दाबूनही पूर्वीच्या एका ओढीपेक्षा कमीच पाणी गेलं, म्हणून मी तोंड उघडलं नाही.

बुधवारी टाकी भरली. मी आणि नवऱ्यानं मिळून पडदा खळबळला. पहिलं पाणी फिकट निळं निघालं, दुसरं अगदी नितळ. गुरुवारी सकाळी गच्चीवर जाऊन झाकण उघडलं, तर टाकीत वीतभर पाणी शिल्लक. एकवीस वर्षांत मी त्या टाकीत शिल्लक पाहिली नव्हती. नवऱ्याला हाक मारून दाखवलं. दोघंही वाकून ते पाणीच बघत बसलो, वेड्यासारखे.

शुक्रवारी साहेब आले. रुमाल ओला केला, पडद्याला वर, खाली, मध्ये असा घासला. पांढरा. मग टोपी काढली आणि तोच रुमाल डोक्यावरून फिरवला. ठिपके जरा फिके झाले होते, पण रुमाल पांढराच.

"दोन्ही पास," ते म्हणाले. संध्याकाळी भाषण त्यांनी टोपीशिवाय केलं आणि सुरुवातच, 'हा आपल्या नव्या पडद्याचा नमुना,' अशी केली म्हणे.

मी मात्र ते दारातून बाहेर पडले तशी सरळ बॅगेकडे गेले. रिकामी करून माळ्यावर टाकायची होती. उचलली, तर उचलेना. तिच्यामागं बघितलं. बॅगेच्या कडीतून जुन्या टाकीची साखळी ओवलेली, तिचे खिडकीच्या गजाला दोन वेढे, आणि वर कुलूप.

"हे कधी केलंत?" मी आप्पांना विचारलं.

"मंगळवारीच," आप्पा म्हणाले. "साखळी मोकळी झाली तेव्हा."

"आणि पडदा पास झाला नसता तर?"

"म्हणून तर बांधली." ते चष्मा पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"किल्ली कुठंय?"

"कुणाला हवीय?"

मोरीत नवरा दाढी करत होता. नळ धो धो चालू, गाणं त्याहून मोठ्यानं. मी आत गेले आणि नळ बंद केला. तो गायचा थांबला, आता बोलणी बसणार म्हणून मान खाली घालून उभा राहिला.

"गाणं कशाला बंद केलंस?" मी म्हटलं. "म्हण की."